तीन टाके मागे

सकाळी दाराच्या कडीत अडकून बाही उसवली, तेव्हा पारखीणबाईंनी ती पिनेने कशीबशी सांधली आणि त्या कामाला निघाल्या. जुन्या वस्तूंचे वय ठरवून किंमत करणे हा त्यांचा व्यवसाय. ऐकीव गोष्टींवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता.

शिलाई मशीन मागच्या खोलीत, चादरीखाली होते. घरची थोरली लेक हळूच म्हणाली, "आईला जाऊन अकरा वर्षं झाली. भाऊ म्हणतो, मोलाचं असेल तर ठेव, नाहीतर भंगारात. भंगारवाला संध्याकाळी येतोय. जरा सढळ हातानं लावा ना किंमत."

"माझी तागडी झुकत नाही, ताई."

चादर सरकताच तेलाचा आणि खडूचा वास आला. पारखीणबाईंनी मशीनवरचा क्रमांक आपल्या वहीशी ताडून पाहिला. "टाके मागे घ्यायचा खटका नाही. सत्तर वर्षं तरी झाली."

"आई कापडच फिरवायची. शिवण संपली की ती उसवू नये म्हणून तीन टाके मागे. फाटक्या कपड्यातल्या माणसाला ती उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. पाहुणा असो, नाहीतर वसुलीवाला."

पारखीणबाईंनी चाक बोटाने ढकलले. अकरा वर्षांत तेलाचा गोंद व्हायला हवा होता. चाक मात्र लोण्यासारखे फिरले.

"तेल कोण घालतं?"

"कुणीच नाही."

"तेल आपणहून ताजं राहत नाही," पारखीणबाई कोरडेपणाने म्हणाल्या.

पायाने चालवायच्या पायट्यापासून चाकापर्यंत जाणारा चामडी पट्टा तुटून खाली पडला होता. बनावटीचे वर्ष पक्के करण्यासाठी त्याचे दोन्ही तुकडे त्यांनी पर्समध्ये टाकले. डाव्या बाजूची सोनेरी नक्षी हात टेकून टेकून पार झिजली होती. लेकीने त्या जागी तळवा टेकला, आणि तो तिथे नेमका बसला. पारखीणबाईंनी नजर वळवून लिहिले : 'अशी हजारो बनली. किंमत सामान्य.'

घरी पोचल्यावर पिन काढायला त्यांनी बाही चाचपली. पिन नव्हती. उसवण एकसारख्या, बारीक टाक्यांनी बंद झाली होती आणि शिवणीच्या टोकाला तीन टाके मागे घेतलेले होते. बाही दिवसभर त्यांच्या अंगावरच होती.

टाके पाहायला घेतलेले भिंग ठेवून त्यांनी फोन लावला. "मशीन देऊ नका. माझा अंदाज चुकला."

"भंगारवाला येऊन गेला," लेकीचा आवाज अगदी दबका होता. "उचलायला वाकला... आणि तसाच सरळ झाला. म्हणाला, ताई, येताना माझा खिसा फाटका होता... हात न लावताच गेला."

"आणि आता?"

लेकीने फोन मशीनच्या दिशेने धरला. फोनमधून पायट्याची संथ, मायाळू धडधड ऐकू येत होती. धडधड थांबली, कापड फिरवायला लागतो तेवढाच वेळ. मग खट... खट... खट.

पारखीणबाईंनी पर्स उघडली. पट्ट्याचे दोन्ही तुकडे आतच होते.