काळ्या स्क्रीनमधला जिना

तो खरं तर शेजारच्या ऑफिसातला प्रिंटर बघायला आला होता. दार चुकला आणि माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला, आणि नेमकी तेव्हाच माझी स्क्रीन तिसऱ्यांदा काळी झाली.

"प्रिंटर कुठाय?" त्याने विचारलं.

"प्रिंटर गेला खड्ड्यात," मी म्हणाले. "आधी हे बघा."

अनोळखी माणसांशी मी असं बोलत नाही. पण माझा पहिलावहिला जिना होता आणि डोकं ठिकाणावर नव्हतं. काकांच्या कारखान्यात लाकडी जिने बनतात. सहा वर्षं मी तिथे नुसते फोन घेतले. शेवटी काकांनी एक जिना मला काढायला दिला. एका निवृत्त बाईंसाठी. त्यांचे गुडघे गेलेले, पण झोपायचं मात्र वरच्याच मजल्यावर. गुरुवारी अकरा वाजता त्या बघायला येणार होत्या. पसंत पडला तर ड्रॉइंगचं टेबल माझं, नाही तर पुन्हा फोन. काका शब्दाचे पक्के, दोन्ही बाजूंनी.

आमचा जिने काढायचा प्रोग्राम जुनापुराणा, नव्या कॉम्प्युटरवर चालतच नाही. म्हणून कॉम्प्युटरच्या पोटात आणखी एक खोटा कॉम्प्युटर थाटलेला, व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला, आणि त्यात तो प्रोग्राम. सपाट नकाशा नीट दिसायचा. जिना उभा करून फिरवायला गेलं की अंधार. सोमवारपर्यंत माझ्या चारच पायऱ्या झाल्या होत्या.

तो खुर्ची ओढून बसला. टेबलावरचा भुसा त्याच्या बाहीला लागला. त्याने झटकला नाही.

"बाहेरचा कॉम्प्युटर म्हणजे घरमालक," तो म्हणाला. "आतला भाडेकरू. चित्र फिरवायचं ग्राफिक्स कार्ड मालकाचं. भाडेकरूला ते वापरायला परवानगी लागते."

"मग द्या की परवानगी."

"दिलेली आहे. पण दोघांचं बोलणं बंद दिसतंय."

"आमच्या घरात पण असंच असतं."

तो हसला. हसताना त्याचे डोळे अगदी बारीक होतात... हे मी उगाचच बघितलं.

त्याची एक पद्धत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि त्याआधी आतल्या मशीनचा स्नॅपशॉट घ्यायचा. म्हणजे आहे ती स्थिती तशीच्या तशी जपून ठेवायची. "काही बिघडलं तर होतो तिथे परत," तो म्हणाला. "म्हणून मला कशाची भीती वाटत नाही."

मंगळवारी तो पुन्हा आला. प्रिंटर अजून कुरकुरतोय म्हणाला. काकांनी चष्म्यावरून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. "शेजारच्यांचा प्रिंटर फारच नाजूक दिसतोय," ते म्हणाले आणि खाली गेले. सेटिंग्ज तपासता तपासता त्याने गुरुवारचं आणि टेबलाचं सगळं माझ्याकडून काढून घेतलं. तो गेला की मी सपाट नकाशात काम पुढे रेटत होते. बुधवारी सकाळी माझ्या वीस पायऱ्या पुऱ्या झाल्या.

दुपारी त्याला दुखणं सापडलं. बाहेरचा कॉम्प्युटर आठवड्यापूर्वी स्वतःहून अपडेट झाला होता, आतल्याला त्याचा पत्ताच नव्हता. त्याने आत नवा ड्रायव्हर, म्हणजे दोघांमधला दुभाष्या, टाकला. मशीन चालू होतानाच काळं पडलं. त्याने शांतपणे मशीन स्नॅपशॉटवर मागे नेलं, दुसरा ड्रायव्हर टाकला, आणि जिना फिरला. अगदी अलगद.

"फिरतोय," तो म्हणाला, आणि किती खूश झाला होता.

मी बघितलं. पायऱ्या चार होत्या.

"बाकीच्या सोळा कुठायत?"

माऊसवरचा त्याचा हात थांबला. "मी आज नवा स्नॅपशॉट घेतलाच नाही... सोमवारच्यावर मागे गेलो. तुम्ही काम... आतच सेव्ह करत होतात?"

"मग काय पदरात बांधून ठेवणार?"

मी कारखान्यात उघडणाऱ्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. मला रडू आलं होतं, आणि ते त्याच्यासमोर आलं याचाच जास्त राग आला. मागून जिन्यावर त्याच्या पावलांचा आवाज झाला. पळाला, मी मनात म्हटलं. पण तो खाली काकांपुढे जाऊन उभा राहिलेला दिसला. करवत थांबली. तो काय म्हणाला ते काकांनी मला नंतर सांगितलं. "चूक माझी आहे, तिची नाही. तिचं टेबल अडवू नका," म्हणाला.

वर येऊन त्याने माझी कच्ची वही उचलली. "मापं मी वाचतो. तुम्ही काढा."

"तुम्हाला दुसरी कामं नाहीत?"

"आहेत. ती उद्या."

तो वाचत गेला, मी काढत गेले. दहाव्या पायरीला तो थांबला. "इथे बाई दमतील."

"कशावरून?"

"माझी आई दमते. बरोब्बर दहाव्या पायरीला उभी राहते, आणि फोन आल्याचं दाखवते."

मी हसले. मग हसू विरलं, कारण त्या हरवलेल्या जिन्यात मी एक ते वीस पायऱ्या सरळ नेल्या होत्या, श्वासाला जागाच ठेवली नव्हती. दहाव्यानंतर मी रुंद टप्पा काढला, आणि त्यावर खिडकीशी एक छोटं बाक. साडेसहाला जिना पुरा झाला. त्याने फाइल बाहेर दोन ठिकाणी ठेवली, तिसरी पेन ड्राइव्हवर घेऊन माझ्या तळहातावर ठेवली. त्याची बोटं गार पडली होती.

"राग गेला?"

"अर्धा."

"आणि उरलेला?"

"उद्या अकरानंतर बघू."

गुरुवारी बाई काठी टेकत आल्या. मी जिना हळूहळू फिरवला. बाकापाशी त्यांनी बोट ठेवलं. "इथे बसून करायचं काय?"

"काही नाही," मी म्हणाले. "फोन आल्याचं दाखवायचं."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं आणि हसायलाच लागल्या. "तुला कोणी सांगितलं गं माझं?" काठी भिंतीला लावून त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि जिना पुन्हा एकदा फिरवायला लावला. त्यांना निरोप देऊन काका वर आले. त्यांनी माझ्या टेबलावरचा फोन उचलला, वायर गुंडाळली आणि फोन स्वतःच्या टेबलावर नेऊन ठेवला.

थोड्या वेळाने तो दारात उभा. या वेळी दार चुकला नव्हता.

"प्रिंटर?" मी विचारलं.

"तो सोमवारीच नीट झाला होता." तो आत येईना. "एक सांगायचं होतं... पण याचा स्नॅपशॉट घेता येत नाही. बोललो आणि बिघडलं, तर होतो तिथे परत जाता येणार नाही. म्हणून दहा वाजल्यापासून खालीच उभा आहे. कालच्या चुकीनंतर तोंड उघडायचीच भीती वाटते... पण तुम्ही मला आवडता. प्रिंटर खड्ड्यात घातलात तेव्हापासून."

बिचाऱ्याला आणखी ताटकळत ठेवायचं माझ्या जिवावर आलं.

"परत कशाला जायचंय?" मी म्हणाले. "मागे चारच पायऱ्या होत्या."

आणि पुढे होऊन मी त्याच्या बाहीवरचा भुसा झटकला.