तुराट्यांचं टोपलं

कर्रर्र... भरदुपारच्या सामसूम घरात काहीतरी कुरकुरलं. मी लिहिता लिहिता वळून पाहिलं, तर चार वर्षांचा सूर्यभान झोपेतून उठून जुन्या टोपल्यात जाऊन बसलेला!

"उतर, मोडशील. त्याच टोपल्यानं तुये बाबा मिळाले मले."

"टोपल्यानं?"

आता सांगावंच लागलं.

मोर्शीजवळ माझ्या वडिलांची संत्र्याची बाग. अठ्ठावन्न साल, तोडणी तोंडावर आलेली. एका सकाळी फाटकाशी एक अनोळखी तरुण उभा, मागे रिकामी बैलबंडी. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या टोपलीवाल्याचा भाचा, गोवर्धन. संत्री भरायला बांबूची टोपली दरसाल त्याच्या मामाकडूनच येत.

"टोपली कुठी आहेत?" मी विचारलं.

"नाही आणली. बांबू पाहाले धारणीकडे गेलो होतो. कोवळे कोंब बी कापून नेले लोकांनी. बेटंच्या बेटं वाळून राहिली. माह्याच्यानं... नाही झालं."

टोपलीवाला टोपली विकायला तयार नाही! असा माणूस मी पाहिलाच नव्हता.

"मंग संत्री काय ओटीत भरून धाडाची?"

तो हसला. हसताना त्याची एकच भुवई वर गेली. मग शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या ढिगाकडे पाहत म्हणाला, "त्या कायच्या काड्या?"

"तुराट्या. तूर झोडल्यावर उरतात. आमी त्याचेच टोपले विणतो, शेण भराले."

"शेण फुटत नाही, बाई. संत्रं फुटते."

"ते विणणारीवर असते!"

वडील, किसनराव, मागेच उभे होते. म्हणाले, "एक टोपलं भरून बंडीनं अमरावतीले नेऊन आणू. एक जरी संत्रं दबलं, तं मी दुसऱ्याकडून बांबूचीच घेईन. अन् तुमी या फाटकात पुन्हा दिसाचं नाही."

तुराट्या रात्रभर हौदात भिजल्या. सकाळी मी विणत होते, तो एकेक काडी हाती देत होता.

"ही वाकते?"

"प्रेमानं वाकवली तं वाकते."

"अन् विणणारी?"

मी काडी अशी ओढली की सोबत त्याचं बोटही आलं... अन् त्यानं ते सोडवून घेतलं नाही.

बंडी गेली. वडील अन् तो, मधे टोपलं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यात घरी बसून मीच आदळत होते. मला एवढी काळजी कशाची? बांबूच्या बेटांची... की—?

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला बंडी परतली. वडिलांनी टोपलं ओतलं, एकेक संत्रं दाबून पाहिलं. शेवटचं सोलून तोंडात टाकलं, अन् गड्यांना एवढंच म्हणाले, "यंदा तुराट्या चुलीत घालू नका रे."

गोवर्धन माझ्याजवळून जाताना हळूच पुटपुटला, "टोपलं तं टिकलं. आता तुमच्या वडलायले अजून एक मागू?"

"काय?"

"विणणारी."

"आदी मले विचारा."

"मंग... विचारून राहिलो."

"मंग मागा!"

सूर्यभान टोपल्याची कड चाचपत ऐकत होता. मी पुन्हा लेखणी उचलली, तोच तो म्हणाला,

"आई, अन् हे टोपलं रस्त्यात मोडलं असतं, तं... मी कुठी असतो?"