डबल स्टँडवरची गाडी

रात्रीचे पावणेदहा वाजले होते तेव्हा हे सगळं सुरू झालं. वेळ एवढी पक्की सांगतोय, कारण कोपऱ्यावरचा दुकानदार दहाला शटर ओढतो आणि त्याआधी दूध मिळालं तर मिळालं.

दिवा राहू दे बंद. जवळ या सगळे. आणि तू, पोरीला मांडीवर घेऊन बस. मधेच उठून जायचं नाही हं. ज्याच्यावर हे बेतलं तो माझ्या चांगल्या ओळखीतला. कुरियरवाला. दिवसभर गाडीवरून पुडकी पोचवायची, संध्याकाळी टाकी भरून घरी यायचं. टाकी संध्याकाळीच भरायची, म्हणजे सकाळी पंपावर रांग नको. घर म्हणजे पुढे एक लांबट खोली, मागे स्वयंपाकघर. गल्लीत गाड्यांच्या चोऱ्या फार, म्हणून गाडी रात्री आत, पुढच्या खोलीत. तिथेच भिंतीकडेला खाली गादी. गादीवर तो आणि त्याची दीड वर्षांची पोर, बिट्टी.

बायको नुकतीच गेली होती. तापाचं निमित्त झालं, आणि चार दिवसांत घर रिकामं. अंगाने अशी बारीक, की तो तिला काडी म्हणायचा. आता त्याची थोरली बहीण येऊन राहिली होती, पोरीचं बघायला.

तर त्या रात्री बाटलीतलं दूध नासलं. बिट्टीने घर डोक्यावर घेतलं. हा किल्ली घेऊन गाडीकडे धावला आणि थबकला. संध्याकाळी याने गाडी साइड स्टँडवर लावली होती, डावीकडे तिरकी, रोजच्यासारखी. आता ती डबल स्टँडवर उभी. सरळ. शिपायासारखी.

"ताई, गाडी तू लावलीस डबल स्टँडवर?"

"मी?" ताई आतून ओरडली. "मला त्या धुडाचा आरसा हलत नाही! दूध आण आधी, बाळ्या. पोरगी निळी पडेल रडून."

तो गेला, दूध आणलं, पोर निजली. झोपायला टेकला तेव्हा त्याला वास आला. बारीकसा. पेट्रोलचा.

दुसऱ्या दिवशी रात्री तिरकी लावली, सकाळी सरळ. तिसऱ्या दिवशी तेच. आणि रोज तो वास. घरात बाळ, कोपऱ्यात डासांची कॉइल जळतेय, मागे गॅस... तो सरळ मिस्त्रीकडे गेला.

मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे एक पत्रा आणि दोन बाकडी. त्याला सगळे वायसर म्हणायचे. का, तर कुठलीही गाडी येवो, हा आधी म्हणणार, "वायसर गेलाय." इंजिन बसलं तरी वायसर, आरसा फुटला तरी वायसर. पण हात चांगला. त्याने सवयीप्रमाणे गाडी डबल स्टँडवर चढवली. टाकीखालचा कॉक पुसला, नळी वाकवून पाहिली, कार्बोरेटर खालून चाचपला. मग अंगाला लावायची पावडर घेऊन टाकीवर सगळीकडे फासली.

"गळत असेल तिथे पावडर भिजते," तो म्हणाला. "चहा घे तोवर."

चहा झाला. पावडर कोरडी ठणठणीत.

"कॉकचा वायसर बदलतो."

"गळत नाहीये तर कशाला बदलतोस?"

"मग तुझं नाक बदलू? तो भाग ठेवत नाही मी."

दोघं हसले. हसता हसता याला आठवलं, बऱ्याच दिवसांनी हसलो. आणि लगेच वाईट वाटलं.

त्या रात्री ताई मागे झोपली. बिट्टी झोपली. याने गाडी तिरकी लावली, दिवा घालवला आणि जागा राहिला. कोण चावटपणा करतंय ते बघायचंच. दाराला आतून कडी. खिडकीला गज. कॉइलचं लाल टोक तेवढं दिसतंय.

बराच वेळ काही नाही.

मग... टप्.

परत... टप्.

याने कान टवकारले. टप्... टप्... आणि थांबलं.

मग अंधारात, गाडीपाशी, कुणीतरी जोर लावल्यासारखा आवाज आला. हळू. "हुं..."

याच्या अंगावर सर्रकन काटा आला. का सांगू? तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. काडीला गाडी डबल स्टँडवर लावता येत नसे. वीतभर जीव तिचा. स्टँडवर पाय देऊन, हँडलला लोंबकळून ती दात ओठ खात म्हणायची, "हुं!" गाडी जागची हलायची नाही. हा पोट धरून हसायचा. ती म्हणायची, "एक दिवस लावून दाखवीन. तेव्हा बघायला ये."

"हुं..."

खट्ट.

गाडी सरळ उभी राहिली.

"काडे?"

 बिट्टीने झोपेत कूस बदलली.

याने दिवा लावला नाही. दिवा लावला आणि तिथे कुणीच नसलं तर? तोंडात चादर कोंबून रडला बिचारा.

सकाळी त्याने वायसरला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. वायसर हसला नाही. पान्याने डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, "टप् टप् आधी, आणि खट्ट नंतर?"

"हो."

"खट्ट झाल्यावर टप् नाही?"

"नाही."

"घरी गाडी तिरकी लावतोस?"

"हो. रोज."

वायसरने स्वतःच्या कपाळावर हात मारला. "मी गाढव. आयुष्यभर गाडी डबल स्टँडवर चढवूनच बघत आलो." त्याने गाडी खाली उतरवली, साइड स्टँडवर डावीकडे झुकवली, आणि पावडर फासली. डाव्या बाजूला टाकीवर कंपनीच्या नावाची पत्र्याची पट्टी असते ना, तिच्या खालून पावडर काळसर झाली. एक थेंब आला. फुगला. पडला. टप्.

पट्टी काढली. मागे पत्र्याला केसासारखी चीर.

"गाडी सरळ असली की पेट्रोल चिरेच्या बोटभर खाली. तिरकी केली की वर येतं," वायसर म्हणाला. "रस्त्यात गळत असेल ते वाऱ्यावर सुकत असेल. ही गाडी डावीकडे आपटलीय का कधी?"

आपटली होती. काडीला दवाखान्यात नेलं त्या रात्री. फाटकापाशी गाडी स्टँडवर लावायलाही थांबला नव्हता. तशीच टाकून, तिला उचलून आत पळाला होता.



"म्हणजे ती..." वायसर हळूच म्हणाला. "पोरीच्या उशाशी गळू नये म्हणून..."

"हं."

"टाकी काढतो. आत्ताच डाख देऊन चीर बुजवतो."

आणि इथे आपल्या माणसाची मती फिरली. म्हणाला, "आज नको. उद्या."

उद्या म्हणाला परवा. परवा म्हणाला, कामाचा खाडा होतो. तुम्हाला कळलं ना का? चीर बुजली तर ती कशाला येईल? तो टाकी भरून आणायचा, गाडी तिरकी लावायचा आणि अंधारात डोळे उघडे ठेवून पडायचा. टप्... टप्... हुं... खट्ट. तेवढ्यावर त्याचा दुसरा दिवस निघायचा. बोलायचा सुद्धा तिच्याशी. आज बिट्टी दोन पावलं चालली. आज बिट्टीने ताईचा चष्मा चावला.

ताई कातावली. "वासाने डोकं उठलंय माझं! पोरगी खोकतेय रात्रभर. तुला बाप म्हणायचं की काय?"

वायसर तर घरी आला. "अरे, येडा झालास का? खाली पोर झोपते. पेट्रोलचा वास जमिनीलगत पसरतो, ठाऊक आहे ना?"

"ती लावते ना सरळ."

"आणि एखाद्या रात्री नाही लावली तर?"

याने दार लावून घेतलं.

मग ती रात्र आली. दिवसभर दमलेला, याचा डोळा लागला.

जाग आली ती आवाजाने.

"हुं..."

खर्रर्र. लोखंड फरशीवर घासल्याचा आवाज.

"हुं..."

खर्रर्र.

खट्ट नाही.

"हुं... हुं..."

आवाज बारीक होत चाललेला. जीव जात असल्यासारखा. गाडी अर्धी उचलली जातेय... आणि परत पडतेय. परत उचलली जातेय...

टप्. टप्. टप्. टप्.

याने हात पुढे केला. फरशी ओली. गादीचा काठ ओला. बिट्टीच्या पायाशी ओलं. आणि तिच्या पलीकडे, हातभर अंतरावर... कॉइलचं लाल टोक.

दिवा लावायचीही भीती वाटली. त्याने झेप घेतली आणि ती कॉइल उघड्या तळहातात चुरडली. कातडी जळाली. कळलंही नाही. पोरीला उचललं, दार उघडलं, ताईला हाक मारून पोर तिच्या हातात दिली. मग परत आत आला. अंधारात गाडी अजून थरथरत होती.

त्याने हँडल धरलं. हँडल बर्फासारखं गार.

"सोड," तो म्हणाला. "काडे, सोड आता. दमलीस तू. मी करतो... मी करतो सगळं."

थरथर थांबली.

त्याने एका दमात गाडी डबल स्टँडवर घेतली. खट्ट.

उजाडल्यावर पाहिलं तर फरशीवर ओरखडेच ओरखडे. एकावर एक. सगळ्या रात्रींचे.

त्या दिवशी वायसरने टाकी उतरवली. पेट्रोल काढून घेतलं. साबणाच्या पाण्याने आतून खळखळून धुतली, पुन्हा धुतली. "रिकामी दिसते म्हणून आग लावायची नाही," तो म्हणाला. "आतला वासच पेटतो." मग टाकी पाण्याने भरली, चीर तेवढी वर राहील अशी कलती ठेवली, पत्रा घासून चकचकीत केला आणि तांब्याचं टोक तापवून डाख ओतला. आपला माणूस शेजारी बसून होता. एकदा फक्त म्हणाला, "नीट बुजव." आणि मान फिरवली.

डाखावर वायसरने पावडर फासली. "आज रात्री टाकी भरून मुद्दाम तिरकी लाव. खिडकी उघडी, कॉइल नाही, पोर ताईपाशी आत. सकाळी पावडर बघ. ओली झाली तर परत आण."

त्याने तसंच केलं. बिट्टी आत ताईच्या कुशीत. मधलं दार ताईने आतून लावलेलं. हा एकटा, गाडीसमोर, भिंतीला टेकून.

टप् नाही.

हुं नाही.

खट्ट नाही.

रात्रभर... काहीच नाही. कुणी यावं असं काही उरलंच नव्हतं.

पहाटे खिडकीतून उजेड आला. गाडी त्याने लावली तशीच, तिरकी. तो उठला, गुडघ्यावर बसला, पावडर बघितली. कोरडी. एक थेंब नाही.

पण डाखावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पावडर पुसलेली होती. दोन बोटांनी. बारीक बोटं. सावकाश चाचपून बघितल्यासारखी.

तेवढ्यात मधलं दार उघडलं. ताई बिट्टीला कडेवर घेऊन उभी. "बाळ्या, रात्री तू आत आला होतास का रे? कडी तर आतूनच होती..."

एक सांगायचं राहिलं. काडीला एक सवय होती. पोर झोपली की उठून उठून तिच्या कपाळाला दोन बोटं लावून बघायची, ताप तर नाही ना. रात्रीतून दहादा. हा चिडवायचा, अगं, झोपू दे तिला.

बिट्टीच्या कपाळावर पावडरीचे दोन पांढरे पट्टे होते.

त्यानंतर ती आली नाही. गाडी आजही तिरकी लावली की तिरकीच राहते.

चला, लावा दिवा. आणि एक करा. ज्याच्या ज्याच्या घरात रात्री गाडी उभी असते, त्याला सांगा, गाडी सरळ बघितलीस तशी तिरकी करूनही बघ. वास आला तर उद्या म्हणू नको. आणि त्याला म्हणावं, तू पुढच्याला सांग. प्रत्येक घरात रात्री उठून गाडी सरळ करणारं कुणी असतंच असं नाही.