बॅटरी पायाशी

दुपारचा खेळ सुटला आणि शिवणक्लासच्या बाई सगळ्यांच्या शेवटी बाहेर आल्या. पर्स पोटाशी धरून, डोळे पुसत. सिनेमा रडका असो की हसरा, बाई डोळे पुसतच बाहेर यायच्या, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नसे. मॅनेजर तेव्हा काउंटरपाशी उभा राहून पॉपकॉर्नच्या मशीनचं अडकलेलं बटण सोडवत होता. बाई त्याच्याजवळ थांबल्या.

"एक चांगलं केलंत हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "मामांना परत कामावर घेतलंत."

"कुणाला?"

"मामांना. मला आज उशीर झाला ना, आत काळोख, आणि पायऱ्यांवरच्या त्या बारक्या दिव्यांनी मला काही दिसत नाही. म्हटलं आता धडपडतेय. तर आले बिचारे, बॅटरी पायाशी धरली आणि खुर्चीपर्यंत सोडलं. चेहरा काही दिसला नाही, पण तो कधी दिसायचा? चालीवरून ओळखलं. आणि तो बारीक खोकला... सांगा त्यांना, मी आठवण काढत होते म्हणून."

मॅनेजर हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? बाई पायऱ्या उतरून गेल्या. मामांना जाऊन तेव्हा तीन आठवडे होत आले होते.

आता हे मामा कोण, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला अधांतरी वाटेल. ते थिएटर होतं लहानसं, एका पडद्याचं. तिथे लागायचे ते सिनेमे शहरात दुसरीकडे कुठे लागत नसत. परभाषेतले, संथ, कधी कृष्णधवल, ज्यात एक म्हातारा अर्धा तास नुसता खिडकीशी बसतो तसले. बघणारे मूठभर, पण पक्के. आणि त्या मूठभरांना अंधारात जागेवर नेऊन बसवायचे ते मामा. डोअरकीपर. तीन सेलची लांबट स्टीलची बॅटरी, इस्त्रीचा खाकी कोट, आणि खडू लावून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. सगळा गाव त्यांना मामा म्हणायचा. पण खरा, रक्ताचा भाचा एकच. हाच मॅनेजर.

वडील लवकर गेलेले. शाळा सुटली की हा थिएटरवर यायचा. पडद्याच्या डाव्या अंगाला, भिंतीशी, मामांचं एक घडीचं स्टूल असायचं. त्यावर अर्ध्या भागात मामा, अर्ध्या भागात हा. तिथेच त्याने गृहपाठ केले, तिथेच तो झोपला, आणि तिथेच मामांचा एकमेव नियम त्याने शंभरदा ऐकला. "बॅटरी पायाशी, छोट्या. तोंडावर कधी मारायची नाही. अंधारात कोण रडतंय, कोण कुणाबरोबर आलंय, कोण घरी भांडून बसलंय, ते ज्याचं त्याला ठाऊक. आपण फक्त वाट दाखवायची." मोठा झाल्यावर मामांनीच मालकाला गळ घालून त्याला तिकीटखिडकीवर चिकटवलं.

मग ती मोठी कंपनी आली. तिची थिएटरं देशभर, आणि आता तिला असली लहान थिएटरंही हवी होती. एकेक करून घेत चालली होती. मालक थकलेला, त्याने विकून टाकलं. कंपनीने सांगितलं, तुमचे वेगळे सिनेमे आम्ही बंद करणार नाही हो, ते तर आमचं भूषण. आणि रोजचा दुपारचा खेळ तेवढा त्यांच्यासाठी ठेवला. बाकी दिवसभर धडाडधूम. खुर्च्या गेल्या, पाय पसरायचे कोच आले. पायऱ्यांच्या कडेला दिव्यांच्या माळा आल्या. कोपऱ्याकोपऱ्यात अंधारातही बघणारे कॅमेरे आले. खिडकीवरचा पोरगा मॅनेजर झाला, कोट मिळाला, छातीवर बिल्ला मिळाला. आणि डोअरकीपरची गरज राहिली नाही.

हे मामांना सांगायचं काम कंपनीने मॅनेजरवर सोपवलं. "तुमच्या ओळखीचे दिसतात, तुम्हीच सांगा," कंपनीच्या एरिया मॅनेजर, म्हणजे सगळ्यांच्या एरिया मॅडम, म्हणाल्या. दुरुस्तीसाठी थिएटर बंद होतं, आणि मॅनेजर आज सांगू, उद्या सांगू करत राहिला. मामा रोज संध्याकाळी बहिणीकडे, म्हणजे याच्याच घरी, जेवायला यायचे. रोज विचारायचे, "दुरुस्ती कुठवर आली रे?" हा रोज म्हणायचा, "चाललीय." तोंडात घास असला की बोलावं लागत नाही, म्हणून हा मोठमोठे घास घ्यायचा. भित्रा माणूस वाईट नसतो म्हणतात. नसेलही. पण वाईट माणसाचं काम तो अगदी बिनबोभाट करतो.

उद्घाटनाच्या दिवशी मामा हजर. कोटाला कडक इस्त्री, बूट पांढरेशुभ्र, हातात बॅटरी. काचेच्या दारात नव्या गार्डने त्यांना अडवलं. आत पाहुणे, फुलं, फोटोवाले. मामांनी उघड्या दारातून हाक मारली, "छोट्या, अरे सांग ना याला!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. एरिया मॅडमनी सहज विचारलं, "तुमचे मामा का?"

मॅडम काही दुष्ट नव्हत्या. हो म्हणाला असता तर त्यांनी आत बोलावून सरबत दिलं असतं. पण मॅनेजरला दिसले ते खडू लावलेले बूट. कोपराशी रफू केलेला कोट. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "नाही नाही. इथे सगळेच त्यांना मामा म्हणायचे. माझे कुणी नाहीत."

दार उघडंच होतं. मामांना सगळं ऐकू गेलं.

मॅनेजर बाहेर आला, त्यांच्याकडे न बघता हळूच म्हणाला, "आता जा तुम्ही. बॅटरी तेवढी ठेवून जा, शोकेसमध्ये लावायची आहे." कंपनीला जुन्या काळाच्या आठवणींचं एक काचेचं कपाट करायचं होतं ना. मामांनी बॅटरी दिली. देताना सवयीने तिचं तोंड खाली, जमिनीकडे धरलं होतं.

त्या संध्याकाळी मॅनेजर मुद्दाम उशिराच घरी गेला. मामा आधीच येऊन बसले होते. आणि आई, त्यांची धाकटी बहीण, नुसती फुलली होती. "दादा सांगत होता," ती म्हणाली, "तू त्याला हाताला धरून आत नेलंस. मोठमोठ्या लोकांना सांगितलंस, हे माझे मामा."

मामा ताटात बघत शांतपणे जेवत होते. मॅनेजरला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता, एक शिवी द्यायला हवी होती. काही नाही. पुढल्या आठवड्यात ते झोपेतच गेले. आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, "पोराने चारचौघांत मान दिला, तेवढ्यावर सुखाने गेला माझा दादा." आईला खरं कळलं तर... या एका विचाराने मॅनेजरला अन्न गोड लागेनासं झालं होतं.

तर अशा माणसाला शिवणक्लासच्या बाई येऊन ते सांगून गेल्या.

त्याने आधी शोकेस उघडली. बॅटरी जागच्या जागी होती. मागचं झाकण फिरवून पाहिलं, आत सेल नव्हते. नुसता गंजाचा भुगा त्याच्या तळहातावर पडला. म्हातारीला भास झाला, त्याने मनाशी म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला तो आत गेलाच.

पडद्यावर कुठलीशी बर्फाळ वाट होती आणि कुणी बोलत नव्हतं. इकडेतिकडे चार डोकी. थंडगार हवा, नव्या गालिच्याचा वास. आणि मग त्या वासाखालून दुसरा एक वास आला. ओल्या खडूचा. मॅनेजर सगळ्यात वरच्या पायरीवर उभा होता. त्याच्या बुटांपुढे, गालिच्यावर, उजेडाचा एक पिवळट गोल पडला.

त्याने वळून पाहिलं. मागे भिंत होती.

गोल एक पायरी खाली सरकला आणि थांबला. उशिरा आलेल्या माणसासाठी थांबतो ना, तसा. मग कुणीतरी बारीक खोकलं... मॅनेजर दार ढकलून बाहेर आला आणि कितीतरी वेळ बेसिनवर तोंड धूत राहिला.

त्यानंतर रोज तेच. बाकी खेळांना काही नाही, फक्त दुपारी. गोल यायचा, त्याच्या पावलांपाशी थांबायचा, एक पायरी उतरून वाट बघायचा. कधी घाई नाही, कधी गुडघ्याच्या वर नाही. आणि मॅनेजरला सगळ्यात जास्त हेच लागत होतं. सूड घ्यायला आलेलं भूत परवडलं. हे भूत अजूनही त्याचं तोंड झाकत होतं.

शेवटी एका दुपारी तो त्याच्या मागे गेला.

गोल पुढे, हा मागे. पायऱ्यांवरून खाली, पडद्याच्या डाव्या अंगाला. जिथे ते स्टूल असायचं तिथे आता दोघांचा एक कोच होता. गोल एका बाजूवर जरासा थरथरला, म्हणजे बस. मॅनेजर बसला. टक करून उजेड विझला. शेजारची गादी हळूच दबली... खडूचा वास इतका जवळ आला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मामा," तो कुजबुजला. "मामा, त्या दिवशी मी..."

शेजारी कुणीतरी नीट ऐकायला म्हणून किंचित कललं. त्याच्या बाहीला दुसऱ्या बाहीचं खरखरीत कापड लागलं. शब्द ओठांवर आले होते. अजून एक श्वास, आणि तो बोलून मोकळा झाला असता.

तेवढ्यात बाजूचं दार उघडलं. एरिया मॅडम, आणि त्यांच्यामागे कंपनीचे दोन मोठे साहेब.

"तुम्ही इथे?" मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या. "आम्ही वर कॅमेऱ्यात बघत होतो, म्हटलं मॅनेजर कुणाशी बोलतायत. हे शेजारी कोण बसलेत? घरचे आहेत का?"

त्यांना दिसत होतं. त्यांना स्वच्छ दिसत होतं. मॅनेजरने मान वळवली नाही. साहेबांच्या बुटांना आरशासारखं पॉलिश होतं. आणि त्याच्या तोंडून, जसं त्या दिवशी निघालं होतं तसंच, अगदी त्याच सुरात निघालं:

"नाही. माझे कुणी नाहीत."

शेजारची गादी वर आली.

टक.

उजेड पायाशी पडला नाही. तो सरळ मॅनेजरच्या तोंडावर पडला. कपाळ, डोळे, अर्धवट उघडे ओठ, सगळं लख्ख. त्याने हात आडवा धरला, काही उपयोग झाला नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अहो, बंद करा ते." मॅडम दोन पावलं मागे सरल्या. "कुठून येतोय हा..." त्या म्हणाल्या, आणि छताकडे, भिंतींकडे शोधू लागल्या. मॅनेजर उठला. पळतच बाहेर आला. बाहेरच्या दालनात दुपारचं ऊन होतं, आणि उन्हात माणसाचं तोंड असतं तसंच त्याचं दिसत होतं. त्याला हायसं वाटलं.

संध्याकाळी घरी ताटं मांडली होती. समोर आई, बाजूला बायको, मांडीशी मुलगी. मामांची जागा आईने रिकामीच ठेवलेली. दोन घास झाले असतील नसतील, वीज गेली. सगळी आळी काळोखात बुडाली.

"मेणबत्ती कुठेय गं?" आई म्हणाली.

मुलगी खुदकन हसली. "आजी, बाबांचं तोंड बघ ना."

"अहो, ती बॅटरी खाली धरा," बायको त्रासून म्हणाली. "स्वतःच्याच तोंडावर कसली मारताय. कुठून आणलीत?"

मॅनेजरचा एक हात भातात होता. दुसरा ताटाच्या काठावर, रिकामा. त्याला स्वतःला काळोखाशिवाय काहीच दिसत नव्हतं, ना ताट, ना हात. बायकोलाही मग ते हात दिसले असावेत, कारण तिने मुलीला स्वतःकडे ओढून घेतलं.

आई त्याच्याकडे बघत होती, हे त्याला न दिसताही कळत होतं. बघत राहिली. त्याने मान खाली घातली, पण उजेड मानेबरोबर खाली आला.

"आमचा दादा," आई म्हणाली, "कधी कुणाच्या तोंडावर बॅटरी मारायचा नाही."

तिने हातातला घास परत ताटात ठेवला.

"त्या दिवशी दारात तू काय म्हणालास रे त्याला?"

मॅनेजरने मोठा घास तोंडात कोंबला. पण या वेळी त्याला चावताना सगळे बघत होते.

वीज यायला वेळ लागला. आल्यावर सगळं नेहमीसारखं दिसलं, फक्त आईने आपलं ताट उचललं होतं आणि ती पाठ करून बसली होती. ती अजून तशीच जेवते. आणि त्या घरात आता वीज गेली, की कुणी मेणबत्ती शोधत नाही.