चार टक्के मामा

देवयानीताईचं लग्न बारा वाजून सदतीस मिनिटांनी, म्हणजे पत्रिकेत छापलेल्या मुहूर्तावर लागलं. यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. तेव्हा ते अजून लागलेलंच नाही असं धरून चालू. साल २०५८, इचलकरंजीचं सुमुहूर्त मंगल कार्यालय, बारा वाजून पाच मिनिटं झालीत आणि मामा चार टक्के उरलाय.

सकाळी दहाच्या सुमारास मामा चांगला भरलेला होता. अद्वैतमामा चंद्रावरच्या वसाहतीत पाण्याच्या टाक्या सांभाळायचा आणि त्याला रजा मिळाली नव्हती. नवरीला बोहल्यावर आणायचं ते मामानेच. मग घरच्यांनी ठरवलं, मामा फोनवर येईल आणि फोन नवरीला आणेल. फोनला इवलासा फेटाही बांधला. तो सांभाळायची जबाबदारी ताईच्या धाकट्या बहिणीवर, अकरा वर्षांच्या चार्वीवर होती. तिने मामाला सगळं कार्यालय फिरवून दाखवलं, कोठीतल्या बटाट्यांच्या पोत्यांसकट. मामाने बटाट्यांची चौकशीही केली.

"मामा, कॉल बंद करून परत लावू?"

उत्तर यायला अडीच सेकंद लागले. चंद्र इतका लांब आहे की रेडिओ लहरींना जाऊन परत यायला तेवढा वेळ लागतोच.

"नको गं बाई! लाइन तुटली की पुढची पाळी मंगळवारी. तोवर ताईला काय पडद्याआड बसवून ठेवणार?"

पंधरा मिनिटांनी, म्हणजे बारा विसाला ताईला न्यायचं होतं. चंद्राचा कॉल फोनमधली वीज घटाघटा पितो. चार टक्के म्हणजे जेमतेम पाच मिनिटं. चार्वी कोठीत धावली. तिथल्या खणात दोन चार्जर होते. एकावर '५ वॅट' लिहिलं होतं, दुसऱ्यावर '६५ वॅट'.

"पासष्ट? फोनचा फटाका होईल," असं म्हणून तिने शहाण्यासारखा पाचवाला लावला. तीन मिनिटं ती एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत उभी राहिली. मग आकडा बदलला.

तीन टक्के.

"अरे! चार्जिंगला लावलाय तरी मामा कमी कसा होतोय?"

"कारण मामाचा खर्च आठ वॅट आहे," मागून आवाज आला. वाढपी क्रमांक सात जिलब्यांची परात घेऊन उभा होता. तो यंत्रमानव होता आणि त्याला घाई कशाशी खातात हे कोणी शिकवलं नव्हतं. "वॅट (वीज किती झपाट्याने दिली-घेतली जाते त्याचं माप). हा चार्जर पाच देतो, कॉल आठ उडवतो. उरलेले तीन मामातून जातात."

"मग पासष्टवाला लावू? पण माझ्या फोनच्या खोक्यावर तर 'कमाल २७ वॅट' लिहिलंय! फुटला तर?"

"ताई, पंगतीत मी येतो तेव्हा परातीत पासष्ट जिलब्या असतात. तुमच्या ताटात किती पडतात?"

"मला हव्या तेवढ्या. दोन."

"बाकीच्या त्रेसष्ट तुमच्या अंगावर ओततो का?"

"नाही रे! पटकन बोल ना!"

"पटकनच बोलतोय. पासष्ट हा परातीचा आकडा, ताटाचा नाही. चार्जरवर लिहिलेलं असतं तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो. किती घ्यायचं ते फोन ठरवतो. वायर जोडली की चार्जर आधी फक्त पाच व्होल्ट देतो. व्होल्ट (वीज ढकलण्याचा जोर). मग दोघं बोलतात. चार्जर म्हणतो, माझ्याकडे पाच, नऊ, पंधरा, वीस व्होल्ट आहेत. फोन म्हणतो, नऊ द्या, आणि तीन अँपिअरपर्यंत घेईन. अँपिअर (वाहणाऱ्या विजेचं प्रमाण). नऊ गुणिले तीन?"

"सत्तावीस! खोक्यावरचा आकडा!"

"बरोबर. पुढे फोन भरत आला की तो स्वतःच कमी मागतो. पोट भरलेल्या माणसाने ताटावर हात आडवा धरावा, तसं."

बारा नऊ. तेवढ्यात नवरदेवाचे यशकाका आत आले. मदत केल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

"चार्जर हवाय होय? हा घे! दोनशे चाळीस वॅट! जत्रेत घेतला, वर कंगवा फुकट दिला त्याने."

चार्वीने तो हातात घेतला. पापडासारखा हलका. उलटसुलट करून पाहिला. कंपनीचं नाव नाही, मानकाची खूण (तपासणीत पास झाल्याचं चिन्ह) नाही, व्होल्टचा आकडा नाही. नुसतं '२४० वॅट' आणि शेजारी वाघाचं चित्र.

"लाव गं, बघतेस काय! मोठा आकडा, पटकन काम!"

"मोठ्या आकड्याला मी घाबरत नाहीये, काका. पण हा फोनला काही विचारेल का? हात आडवा धरलेला याला दिसेल का?"

काकांनी वाघाकडे पाहिलं. वाघाने काही खात्री दिली नाही.

"न विचारता ओतणारा वाढपी," सात म्हणाला, "आमच्यात कामावर ठेवत नाहीत."

चार्वीने पासष्टवाला उचलला. खूण होती, व्होल्टचे आकडे होते. त्याच्यासोबतची जाड वायर घेतली, कारण सातने बजावलं की वायर कुचकामी असेल तर तीच तापते. फोनचा फेटा सोडला, कारण भरताना फोन गरम होतो आणि त्याला हवा लागते. मग डोळे मिटून वायर खोचली.

काहीही फुटलं नाही. पडद्यावर 'जलद चार्जिंग' अशी अक्षरं आली.

चार. सहा. नऊ.

"सत्तावीस येतात, आठ जातात," चार्वी बोटांवर मोजत पुटपुटली, "एकोणीस मामात साठतात!"

बारा विसाला मामा वीस टक्के झाला. वायर काढली, फेटा चढवला आणि चार्वी धावली. एका हातात फोन, दुसऱ्या हातात ताईचा हात. मामा ताईला बोहल्यावर घेऊन आला आणि तिच्या मागे उभा राहिला. पूजाआत्याने स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हटलं, त्यात सोळा नातेवाइकांची नावं आली, तरी मामा टिकला. अंतरपाट खाली आला तेव्हा सात टक्के बाकी होते. अक्षता पडल्या आणि अडीच सेकंदांनी मामा रडला.

"चार्वे," डोळे पुसत तो म्हणाला, "पुढच्या वर्षी आमच्याकडे शाळेच्या सहली येणार आहेत. तू ये. असले हिशेब करणारी माणसं इथे लागतात."

मग पंगत बसली. यशकाका स्वतः जिलबी वाढायला आले. चार्वीने ताटावर हात आडवा धरला. काकांनी हातावर तीन जिलब्या ठेवल्या. तिने दुसरा हात धरला. त्यावर दोन.

जेवणानंतर तिने कार्यालयाच्या अभिप्राय-वहीत चिकट बोटांनी पुढील मजकूर लिहिला:

'मा. व्यवस्थापक यांस,
विषय: पाहुण्यांना विद्युत-नियंत्रक बसवून मिळणेबाबत.
महोदय, फोनला नको असलेली वीज चांगला चार्जर देत नाही. मनुष्यप्राण्यात अशी सोय आढळून येत नाही. तरी वरपक्षाच्या सर्व काकांनी वाढण्यापूर्वी समोरच्याची कमाल क्षमता विचारून घेणे सक्तीचे करावे, आणि विचारूनही न थांबल्यास त्यांचा पुरवठा मुख्य स्विचपासून बंद करण्यात यावा, ही नम्र विनंती.
आपली विश्वासू,
चार्वी (सध्या एकशे चार टक्के)'