टेंपोभोवतीची मशाल

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, एका दिवसावर आली होती. होटगीत लाईट गेलेली. गुरप्पाआज्जा लंगडतच ओट्यावर येऊन टेकले आणि तंबाखू मळत अंकिता, गुरु आणि बाकीच्या पोरांना म्हणाले, "सिद्धराम माझा सख्खा भाचा. त्याच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. मधे खिदळायचं न्हाय."

सिद्धराम चादरी विकायचा. टेंपो भरायचा आणि कर्नाटकात सिरसीच्या खाली उतरायचा. तिथं गावं संपतात आणि बारमाही ओलं जंगल सुरू होतं. ऊन जमिनीला शिवत नाही, म्हणून सोलापुरी चादर हातोहात खपते. त्या खेपेला धाकटा विरेश सोबत होता. नुकतं लग्न झालेला. आई सुंदरम्मा टेंपोचं दार सोडेना. "सिद्ध्या, काय बी होऊ दे, ह्याला घरी आण."

"आणतो की."

येळवसेच्या रात्री ते जंगलाच्या कडेच्या एका वाडीत होते. आपल्याकडं त्या अमावास्येला अख्खं घर शेतात जेवतं. अंधार पडला की घरातला थोरला मशाल पेटवून पिकाभोवती फेऱ्या घालतो. विरेशला राहवेना. "दादा, टेंपोभोवती फिरव. आपलं पीक त्येच की!"

पण मशालीला कडबा कुठला आणणार? चहावाल्या अज्जीच्या झोपडीमागं देवराईतल्या सुक्या लाकडांची रास होती. विरेशनं फांदी ओढली तशी अज्जी कानडीत ओरडली, "ठेव ती! मेलेल्याला जाळायचं लाकूड हाय. दुसऱ्या कशाला चालत न्हाय."

विरेश हसला. "अज्जी, आमी लिंगायत. आमच्यात जाळत न्हाईत, बसवून माती देतात. तुमचं लाकूड आमाला काय करतंय!"

सिद्धरामालाही ते पटलं. तिथंच चुकलं.

विरेश टेंपोत चादरींच्या थप्पीवर मांडी घालून बसला. सिद्धरामनं फांदीला चिंध्या गुंडाळून पेटवली. पहिली फेरी.

"काय मालक, पीक बरं हाय का?" विरेश आतून थट्टा करत होता.

दुसरी फेरी. मागं ओला पाचोळा वाजला. सिद्धराम थांबला.

पाचोळा थांबला नाही...

तिसऱ्या फेरीला त्याला उमगलं. हातात विस्तव. मधे धाकटा. लाकूड सरणाचं.

"विरेश! उतर खाली!"

मागचं दार धाडकन लागलं. कडी पडली. टेंपोभोवती माणसं उभी होती. निथळणारी. मुकी. एकानं त्याच्या हातातली मशाल काढून घेतली.

सिद्धरामनं चाक काढायची लोखंडी टॉमी उचलली. पहिल्याची कवटी फुटली. मशालवाल्याचा जबडा तुटून लोंबला. कुणी ओरडलं नाही. लोंबत्या जबड्यानिशी तो पुढं गेला... आणि मशाल फटीतून आत सारली.

सुती चादरी. भडकल्या.

"दादा... दादा..."

कडी तोडली. हात सापडला. ओढला. मुठीत कातडी आली.

विरेश आला नाही.

...

"मग?" अंकिता पुढं सरकली.

"सिद्धरामनं आईला शब्द दिलता. आणला. शेतात माती दिली, बसवून, रीतीनं." आज्जांनी पाय आखडून घेतला. "पहाटे सगळ्या ज्वारीवर दव पडतं. तेवढ्या मातीवर पडत न्हाय."

"थापा मारताय आज्जा," गुरु कसाबसा हसला.

सकाळीच आज्जा त्या शेतात जाऊन आले होते, अनवाणी. त्यांनी चप्पल काढली आणि मोबाईलच्या उजेडात पाय वर धरला.

तळवा भाजून टरटरून फुगला होता.