गोणराख्या भुऱ्या

भुऱ्याला जिवंत सटाण्याला आणायचं, एवढ्यासाठीच नजीर साल्हेरच्या मागची घाटवाट चढत होता. साल एकोणीसशे चौतीस. मोटारलॉऱ्या आल्या, बैलांच्या पाठीवरून मीठ वाहणारे तांडे बंद पडले आणि त्यांच्यासोबत गोणराखे कुत्रेही संपले. रुंद छातीची, आखूड केसांची ही जात. पिल्लाचे डोळे उघडायच्या आत त्याला मिठाच्या गोणीवर निजवायचं, भाकरीही तिथंच चारायची. मग ते आयुष्यभर गोण राखायचं. धन्याने ती पाठीवर घेतली तरच हलायचं! आता दोनच उरले होते: नजीरच्या दारातली चिमी आणि अजूनही मिठाचे बैल हाकणाऱ्या इसाकचाचांचा भुऱ्या.

पंधरवड्यापूर्वी चाचा याच घाटातल्या गुहेत तापाने गेले. लोकांनी मयत खाली नेलं, बैल नेले. एक अर्धी गोण तेवढी मागे राहिली, कारण तिला हात लावणाऱ्या दोघांच्या पोटऱ्या भुऱ्याने फोडल्या होत्या. तो तिथंच मेला तर जातच बुडणार होती आणि नजीरला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

बरोबर दोघे होते. लांडग्यांनी मेंढ्या फाडल्यामुळे या जातीचं पिल्लू हवं असलेला रंगनाथ धनगर, हातात भाला घेऊन. आणि वाट दाखवायला डोंगरातला केरू, खांद्यावर कुऱ्हाड टाकून. निम्मा कडा चढल्यावर वाट तुटली. करवंदीच्या जाळीला धरून तिघे वर सरकले. रंगनाथचा पाय निसटला, केरूने त्याला धोतराला धरून ओढलं आणि धोतर टरकलं. त्यावर हसायलाही कुणात दम नव्हता.

गुहेपाशी ओल्या मातीत पंजे उमटले होते.

"बिबट्या हाय," केरू हळूच म्हणाला. "कुत्र्याच्या वासावर आलाय."

"मी दारात उभा राहस," रंगनाथ म्हणाला. "नजीरभाई, तू आत जाय."

आत भिंतीवरून झिरपणारं पाणी चाटत भुऱ्या गोणीवर बसून होता. बरगड्या मोजून घ्याव्यात असा वाळलेला, पण नजर तीच. नजीरने भाकरी टाकली. भुऱ्याने तिकडे पाहिलंही नाही. मग नजीरने गोणीवर थाप मारली आणि तांडा हलवताना चाचा देत तशी हाक दिली, "लाद!"

भुऱ्याने थेट डाव्या हाताचा चावा घेतला. दात तळव्यातून आरपार गेले. नजीर कळवळून मागे कोसळला.

तेवढ्यात दारावरच्या कपारीतून बिबट्या पडला. रंगनाथवरच! भाला दूर उडाला. नखांनी खांदा उघडा केला, रक्ताची चिळकांडी भिंतीवर गेली. केरूने कुऱ्हाड हाणली, दगडावर खणकली. बिबट्याने पंजा मारून त्याला दरीच्या काठापर्यंत फेकलं. आता जबडा रंगनाथच्या मानेकडे वळला.

"भुऱ्या! छू!" नजीर ओरडला.

भुऱ्या गुरगुरला, पण उठला नाही. बिबट्या माणूस खात होता, गोण नव्हे. भुऱ्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं!

नजीरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो उठला आणि दोन्ही हातांनी गोण उचलली. भुऱ्या त्याच्या डाव्या दंडाला लोंबकळला. मांस फाटलं. नजीरने दात आवळले, दोन पावलं टाकली आणि सगळा जीव लावून गोण बिबट्यावर भिरकावली!

गोण फुटली. मीठ बिबट्याच्या डोळ्यांत गेलं. तो आंधळा होऊन गोणीलाच फाडू लागला.

भुऱ्याने नजीरला सोडलं. पुढचं पाहवत नव्हतं. भुऱ्याने बिबट्याचा गळा धरला तो धरलाच. बिबट्याच्या मागच्या नखांनी त्याचं पोट चिरलं, एक कान तुटून पडला, तरी जबडा सुटला नाही. केरू लंगडत आला आणि कुऱ्हाड कवटीत बसली. एकदा. दोनदा. मग सगळं थांबलं.

भुऱ्या लोळत, रक्त गाळत सांडलेल्या मिठावर जाऊन पडला. पुन्हा गुरगुरू लागला.

केरूने पागोटं फाडून रंगनाथचा खांदा आवळून बांधला. "चला खाली," तो म्हणाला. "कुत्रं नाय यायचं."

नजीर हलला नाही. त्याला भुऱ्याचा राग यायला हवा होता. आला तो उमाळा. तो गुडघ्यांवर बसला आणि उजव्या हाताने मूठमूठ मीठ गोळा करून फाटक्या गोणीत भरू लागला. चाचा रोज मुक्काम हलवताना सांडलेलं असंच भरत असत. रक्ताने लाल झालेलं मीठही त्याने टाकलं नाही. भुऱ्या पाहत राहिला. हळूहळू गुरगुर थांबली. नजीरने दोरी आवळली, गोण पाठीवर घेतली आणि वळून न बघता निघाला. मागे दगडांवर नखं वाजू लागली, तेव्हा त्याचे डोळे भरून आले.

वाटेत दोनदा भुऱ्या बसला. दोन्ही वेळा नजीरही थांबला, पण गोण खाली ठेवली नाही. दुसऱ्या वेळी भुऱ्याने केरूला पोटावर पागोट्याची पट्टी बांधू दिली.

सटाण्यात चाचांच्या दारात गुलजारबी चाची उभ्याच होत्या. नजीरने गोण त्यांच्या पायांशी उतरवली. भुऱ्या लगेच तिच्यावर चढून बसला, पोटावर केरूच्या पागोट्याची पट्टी घेऊन. चाची सरळ जवळ आल्या. त्यांनी चाचांचा जुना सदरा गोणीवर पसरला आणि भुऱ्याच्या उरलेल्या कानामागे खाजवलं.

"माल पोचला, बेटा," त्या म्हणाल्या. "आता उतर."

भुऱ्याने सदरा हुंगला, बराच वेळ. मग तो गोणीवरून उतरला, शेजारच्या नजीरच्या अंगणात चिमीच्या पाण्याच्या कुंडीशी गेला आणि घटाघटा पाणी प्यायला.